भिंत राखाडी की जांभळी? घरात दोन तट पडलेत

माजघर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. पेंटर दाराशी (म्हणजे अक्षरशः जिन्यात, चहा पीत) बसलाय.

पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा मजला. आठ वर्षांनी घराला रंग काढतोय. हॉलला तीन भिंती पांढऱ्यातल्या आणि सोफ्यामागची एक गडद, असं ठरलं. दुकानात तासभर शेडकार्ड चाळून एक राखाडी निवडला. साधा, सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काल त्या भिंतीला दुसरा हात झाला. आज सकाळी बघते तर भिंत चक्क जांभळट. जांभळाच्या सरबतात दूध पडावं तशी. नवरा म्हणतो, "राखाडीच आहे की." पेंटरदादा म्हणतो, "मॅडम, कार्डावरचाच आहे," आणि कार्ड भिंतीला लावून दाखवतो. त्याचंही बरोबर, कार्ड भिंतीत मिसळून जातं. पण कार्ड हातात घेतलं की राखाडी आणि भिंतीकडे पाहिलं की जांभळी!

साबा (सासूबाई) म्हणतात, "मला कसलाच फरक दिसत नाही, तुम्ही भांडू नका." लेक म्हणतो, "मस्त आहे," पण त्याला सगळंच मस्त असतं.

पुन्हा रंगवायची का? उरलेल्या तीन भिंतींना कोणता पांढरा? आणि मला वेड लागलंय का?

चहाटळ
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'रंग काढायला घेतला तेव्हाच' असं आहे. 😀
तो ड्रेस आठवतोय का? फेब्रुवारी २०१५. अर्ध्या जगाला निळा-काळा, अर्ध्याला पांढरा-सोनेरी. आमच्या ऑफिसात दोन दिवस काम झालं नव्हतं. मी सोनेरीवाला. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा निघाला आणि अजून ऐकून घेतोय.

पुट्टीवाला
ताई, घाबरू नका. साइटवर दर महिन्याला हे भांडण बघतो. (नाशिककडे कामं घेतो, वडिलांपासूनचा धंदा.)

आधी डब्याच्या झाकणावरचं स्टिकर बघा. टिंटिंग मशीनवर बनलेल्या डब्यावर बेस, कोड आणि कोणता टिंट किती टाकला ते छापलेलं असतं. राखाडी म्हणजे पांढऱ्यात नुसता काळा, असं फार क्वचित असतं. कुणात थोडा पिवळा ऑक्साइड, कुणात हिरवा, कुणात लाल. पांढऱ्यात नुसता काळा टाकला तर तो जरा निळसरच लागतो, म्हणून दुसरे थेंब घालून सांभाळतात. त्या थेंबांना आम्ही राखाडीचा 'कल' म्हणतो. बोटाएवढ्या चौकोनावर कल कळत नाही, दहा बाय बाराच्या भिंतीवर ओरडतो.

दुसरं, लाइट कोणते आहेत? तिसरं, भिंतीसमोर आणि भिंतीला लागून काय आहे? सोफा, पडदे, फरशी, खिडकीबाहेरचं सगळं सांगा.

आणि पुन्हा रंगवायची घाई करू नका. दोन हात झालेत, माल गेलाय, मजुरी गेलीय.

माजघर
स्टिकर पाहिलं. काळा सगळ्यात जास्त, मग निळा, आणि चिमूटभर लाल ऑक्साइड. म्हणजे मी वेडी नाही!
लाइट: दिवसा ट्यूब (पांढरीफेक), रात्री छतातले पिवळे छोटे दिवे. सोफा हळदी रंगाचा, लग्नातल्या हळदीइतका नाही पण मोहरीच्या फुलाच्या जवळ जाणारा. फरशी क्रीम. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला.

काठपदर
हळदी सोफा! मिळाला चोर.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे विणण्याचा जुना कारखाना आहे. तिथे १८२४ साली शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार अशी की काळा धागा नीट रंगत नाही, निळ्याशेजारी फिका पडतो. त्याने धागे तपासले, दुसरीकडच्या धाग्यांशी ताडून पाहिले. रंगाईत खोट नव्हती. शेजारचा निळा आपल्या विरुद्ध रंगाची झाक काळ्यावर टाकत होता, आणि तीही कापडावर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला.

पैठणी विणणाऱ्याला हे ग्रंथाशिवाय माहीत असतं. तोच मोतिया काठ हिरव्या अंगावर गुलाबीसर दिसतो आणि जांभळ्या अंगावर पिवळसर.

तुमच्या बाबतीत पिवळ्याच्या विरुद्ध कोण? निळा-जांभळा. सोफ्यावर एवढा पिवळा पसरलाय, मागे बिचारा राखाडी, त्यात आधीच निळा आणि लाल. मग काय होणार?

माजघर
पण मग नवऱ्याला का दिसत नाही? सोफा त्यालाही तोच आहे.

सिग्नल_खालचा
मला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे म्हणून विचारतो: तुमच्या अहोंचे डोळे तपासलेत का? राग मानू नका, मी स्वतः रंगांध आहे. लाल-हिरव्याची गडबड.

एकविसाव्या वर्षापर्यंत मला पत्ता नव्हता. रेल्वेत इंजिन चालवायच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झालो, मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं. (इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये काढलेले तक्ते, अजून तेच चालतात.) माझ्या पुढचा मुलगा घडाघडा आकडे वाचत होता आणि मला नुसते ठिपके. तिथेच संपलं. घरी आलो तर आई म्हणाली, "तरीच तू कच्चे टोमॅटो आणायचास." मला वाटायचं भाजीवाला फसवतो.

आम्हाला जग काळं-पांढरं दिसत नाही, हे आधी सांगून टाकतो, लग्नाच्या बैठकीत हाच प्रश्न आला होता. जांभळा मात्र माझ्यासाठी निळाच. जांभळ्यातला लाल भाग माझ्या डोळ्याला पकडता येत नाही. म्हणून तुमच्या अहोंची शंका आली.

जॉन डाल्टन, तोच अणूवाला, ह्याला फुलांमुळे कळलं. एक गुलाबी जिरेनियम त्याला दिवसा आकाशी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात एकदम लालसर. इतरांना असा फरक दिसेना, फक्त भावाला दिसला. १७९४ मध्ये त्याने त्यावर निबंध वाचला. डोळ्यातलं पाणीच निळं असावं असा त्याचा तर्क होता आणि मेल्यावर डोळे काढून बघा असं सांगून गेला. १८४४ मध्ये बघितलं, पाणी स्वच्छ. पुढे १९९५ मध्ये जपून ठेवलेल्या डोळ्यातून डीएनए काढला तेव्हा खरं कारण सापडलं: डोळ्यात रंग टिपणाऱ्या ज्या शंकूपेशी असतात, त्यातल्या हिरव्याकडच्या नव्हत्याच.

नेत्रपल्लवी
सिग्नल यांनी छान लिहिलंय. मी दृष्टितपासणीच्या क्षेत्रात आहे, थोडी भर घालते.

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर तीन तऱ्हेच्या शंकूपेशी असतात. त्यातल्या लालकडच्या आणि हिरव्याकडच्या पेशींचे जीन्स एक्स गुणसूत्रावर. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून दोष असला की दिसतोच. बाईकडे दोन, एक बिघडलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के, बायकांत अर्धा टक्का. मुलाला तो आईकडूनच येतो. (सिग्नल, तुमच्या मामांना विचारून बघा.)

मोबाइलवरचे तक्ते बघून निष्कर्ष काढू नका, स्क्रीनचे रंग भरवशाचे नसतात. चष्मेवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे.

पण माजघर, मला तुमच्या यजमानांच्या डोळ्यापेक्षा घड्याळाची शंका आहे. ते भिंत कधी बघतात?

माजघर
चष्मेवाल्याकडे जायला तो तयार नाही. मग साबांची लोकरीची पिशवी उपडी केली, म्हटलं निळ्या आणि जांभळ्या लडी वेगळ्या कर. दोन मिनिटांत केल्या. वर एक लडी 'वांगी' म्हणून तिसरीकडे ठेवली, जी मी जांभळ्यात टाकली असती. म्हणजे डोळे शाबूत, उगाच भाव खाऊन गेला.

घड्याळाचं काय म्हणालात? तो सकाळी आठला जातो, रात्री साडेआठला येतो. मी घरून काम करते, दिवसभर त्याच भिंतीसमोर.

सिग्नल_खालचा
अहो, लोकरीच्या लडी हीच तर जुनी परीक्षा! स्वीडनमध्ये १८७५ साली दोन गाड्यांची टक्कर झाली, चालक रंगांध असावा असा संशय आला. तेव्हा होल्मग्रेन नावाच्या डॉक्टरने रेल्वेच्या लोकांपुढे रंगीत लोकर टाकून जोड्या लावायला सांगितल्या. साबांच्या पिशवीने ते घरच्या घरी केलं.

नेत्रपल्लवी
साडेआठ! मग झालं.

तुम्ही बघता उत्तरेचा उजेड. तो थेट उन्हाचा नसतो, आकाशाचा असतो, म्हणजे निळसर. यजमान बघतात पिवळे दिवे. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असेल, ट्यूबवर ६५०० (आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर). पिवळ्या दिव्यात मुळात निळा भाग कमी. भिंतीतल्या निळ्या थेंबांनी परतवायचं काय? त्यांच्या वाट्याचा उजेडच आलेला नाही. म्हणून रात्री ती भिंत साधी राखाडी, कदाचित तपकिरीकडे झुकलेली.

दुकानातल्या ट्यूबखाली कार्ड राखाडी का वाटलं? कारण ते पांढऱ्या पानावर होतं, आजूबाजूला त्याच्याहून निळे चौकोन होते आणि हळदी सोफा नव्हता.

ड्रेसचं कोडंही ह्याच गावचं. मेंदू रंग सरळ वाचत नाही. आधी उजेड कसला असेल याचा अंदाज बांधतो आणि तो वजा करून उरलेल्याला रंग म्हणतो. फोटोत उजेडाचा पत्ता नव्हता, म्हणून ज्याने जो अंदाज बांधला त्याला तसा ड्रेस दिसला.

चहाटळ
म्हणजे माझा अंदाज चुकला, डोळे नाही. बायकोला दाखवतो हे.

शिराळशेठ
उत्तरेच्या खिडकीबद्दल एक पुरवणी. 'उत्तरेचा उजेड वर्षभर सारखा' हे वाक्य युरोपातल्या चित्रकारांचं आहे, आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असण्याचा) दिवस येतो आणि जुलैच्या शेवटी पुन्हा. मधल्या काळात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत तुमच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळी तिरकं ऊनही येईल. मग पाऊस, ढग, आणि समोरचं झाड हिरवंगार झालं की पानांवरून परतलेला हिरवट उजेड. मी एकदा एप्रिलमध्ये पसंत केलेला मोतिया ऑगस्टमध्ये शेवाळलेला वाटला. आधी ओल आली म्हणून प्लंबर बोलावला होता.

काठपदर
रंगांच्या नावांचं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. माजघर 'राखाडी' म्हणतात, नवरा 'राखाडी' म्हणतो, पण दोघांच्या डोक्यात एकच राख आहे का? चुलीतली राख पांढुरकी, गोवऱ्यांची वेगळी, उदबत्तीची वेगळी. करडा आणखी निराळा, पारवा तर निळसरच, कबुतराच्या मानेवरचा. ही तुमची भिंत कदाचित पहिल्यापासून पारवी असेल आणि तुम्ही तिच्यावर राखाडीचा शिक्का मारून बसला असाल.

माझ्या दोन मावश्यांचं 'चिंतामणी' ह्या एका रंगावरून तीस वर्षं वाजतंय. एक म्हणते निळा-जांभळा, दुसरी म्हणते मोरपंखीचा धाकटा भाऊ. दोघींकडे चिंतामणी साडी आहे. दोन्ही साड्या वेगळ्या रंगाच्या.

चहाटळ
नवरात्रात राखाडीच्या दिवशी आमच्या मजल्यावरचा फोटो बघा. चार राखाडी, तीन आकाशी, दोन जांभळ्या, एक जण चॉकलेटी आणि "धुतल्यावर असा झाला" म्हणतोय.

बर्फातला_कोकणी
भाषेवरून आठवलं. रशियनमध्ये गडद निळा आणि फिका निळा ह्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत: सीनी आणि गलुबोय. 'फिकट निळा' असं नाही, सरळ दोन वेगळे रंग, आपल्या लाल-गुलाबीसारखे. २००७ मध्ये एक प्रयोग छापून आला. निळ्याचे चौकोन दाखवून सारखे कोणते ते विचारलं. दोन चौकोन दोन वेगळ्या नावांत पडत असले तर रशियन लोक झटकन ओळखायचे, एकाच नावात पडले तर सावकाश. इंग्रजी बोलणाऱ्यांत हा फरक नव्हता.

शिराळशेठ
पण त्याच प्रयोगात पुढचा भाग आहे तो सांगा. त्याच वेळी मनातल्या मनात आकडे घोकायला लावले की रशियनांची ती आघाडी गायब. म्हणजे डोळा वेगळा नाही, आतला बोलणारा मदत करत होता. आणि फरकही सेकंदाच्या लहानशा तुकड्याचा. त्यावरून 'शब्द नसेल तर रंग दिसत नाही' असं जे फॉरवर्ड फिरतं ते काही पटत नाही. आमच्या आजीकडे 'ग्रे' शब्द नव्हता, पण धुतलेल्या धोतराला आलेली जरा कळा तिला ओसरीवरून दिसायची.

बर्फातला_कोकणी
मान्य. धोतरावरून नीळ आठवली. आमच्याकडे गणपतीआधी चुना काढायचे तेव्हा चुन्यात चिमूटभर नीळ घालायचे. चुना स्वतः किंचित पिवळट, नीळ तो पिवळेपणा मारते आणि भिंत पांढरीशुभ्र वाटते. मोजायला गेलं तर ती भिंत निळीशिवायच्या भिंतीपेक्षा थोडी कमीच उजेड परतवत असणार. तरी डोळ्याला जास्त पांढरी. एका वर्षी काकाच्या हातून नीळ जास्त पडली आणि अख्खं माजघर (धागाकर्तीची माफी मागून) वर्षभर आभाळासारखं होतं. आजी म्हणायची, विठोबाचं देऊळ झालंय.

आणि चुना ओला असताना भिंत मळकट दिसते, वाळला की उजळतो. इमल्शनचं उलटं: ओलं असताना फिकं, वाळल्यावर बहुतेक वेळा एक पायरी गडद.

पुट्टीवाला
बरोबर. म्हणून ओल्या भिंतीवर मत देऊ नका असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो आणि गिऱ्हाईक ओल्या भिंतीवरच मत देतं.

ताई, आता एक करा. पांढरी कार्डशीट घ्या, मधोमध रुपयाएवढं भोक पाडा. सकाळी अकराला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळेस, भिंतीपासून हातभर लांबून भोकातून भिंत बघा. आजूबाजूचं सगळं कापलं जाईल. मग सोफ्यावर पांढरी चादर टाका आणि कार्डशीट न घेता बघा. नवऱ्यालाही शेजारी उभं करा.

तीन भिंतींच्या पांढऱ्यासाठी कार्डावर जाऊ नका. लहान सॅम्पल डबा मिळतो. भिंतीवर ठिपका मारू नका, जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. दोन फूट बाय दोन फुटाच्या पुठ्ठ्यावर प्रायमर मारून दोन हात द्या, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा, आणि तो पुठ्ठा चारी भिंतींवर फिरवा. कोपऱ्यात नक्की ठेवा, तिथे दोन भिंती एकमेकींचा रंग परतवतात आणि शेड चढते. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की खोली कार्डापेक्षा जास्त भडक दिसते ती त्यामुळेच.

माजघर
रविवारचा वृत्तांत.

सकाळी अकरा. भोकातून: राखाडी, पण निळसर. पारवा म्हटलं तर काठपदर खूश होतील. भोकाशिवाय: जांभळी. चादर टाकल्यावर: जांभळी जवळजवळ गेली! मी चार वेळा चादर टाकली आणि काढली. नवरा रविवार असल्याने घरी. तो पहिल्या वेळी "अं?" म्हणाला, दुसऱ्या वेळी "थांब, पुन्हा काढ" म्हणाला, आणि मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही. आठ वर्षांत ह्या हॉलमध्ये दिवसाउजेडी त्याने भिंत अशी कधी बघितलीच नव्हती.

रात्री नऊ, पिवळे दिवे. राखाडी. निमूट राखाडी. ते मला मान्य करावं लागलं.

आता खरी गंमत. साबा हे सगळं खुर्चीतून बघत होत्या. त्यांचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मार्चमध्ये काढला, डावा अजून व्हायचाय. "मला फरक दिसत नाही" म्हणणाऱ्या साबांनी सहज चष्मा पुसायला काढला, एक डोळा मिटला, मग दुसरा. पुन्हा पहिला. आणि म्हणाल्या, "अगंबाई. ह्याने बघितलं तर तुझी भिंत, ह्याने बघितलं तर त्याची."

उजव्याने जांभळट, डाव्याने राखाडी. आम्ही दोघं बघतच राहिलो.

नेत्रपल्लवी
आज दिवसभर हे सगळ्यांना सांगणार आहे!

वयोमानाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. इतकं हळूहळू की माणसाला कळत नाही, मेंदू ते सांभाळून घेत राहतो. ऑपरेशनमध्ये स्वच्छ भिंग बसलं की निळा एकदम आत येतो. फ्रेंच चित्रकार मोने याचंही १९२३ मध्ये उजव्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन डोळ्यांतला रंगांचा फरक त्याला फार जाचला. आजींनी मात्र त्याचा न्यायनिवाडा करून टाकला.

दुसरा डोळा कधी आहे?

माजघर
पुढच्या मंगळवारी, आठ दिवसांनी. 🙂 आता घरात ठरलंय असं: गडद भिंत राहते. सोफ्याला खोळी बदलतोय, विटकरी घेऊ की मातकट ते साबा सांगतील. तीन भिंतींसाठी दोन पांढऱ्यांचे पुठ्ठे तयार आहेत, एक जरा पिवळसर, एक निळसर. साबांचं म्हणणं, "माझा दुसरा डोळा होऊ दे, मग दोन्ही डोळ्यांनी बघून सांगते. तोवर पेंटरला थांबव." नवऱ्याने लगेच होकार दिला. पेंटरदादाला गुरुवारी बोलवावं म्हणते.

नेत्रपल्लवी
गुरुवारी अजिबात नको! ऑपरेशननंतर निदान महिनाभर तरी घरात लांबी घासणं, धूळ, ताज्या रंगाचा वास, काहीही नको. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला तर निस्तरणं कठीण. नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारा आणि तोवर आजींना त्या खोलीपासून लांब ठेवा.

पुट्टीवाला
मग ताई, दादाला जिन्यातून आत्ता वर बोलवा. घासकाम आज-उद्यात उरकून घ्या, तेवढे दोन दिवस आजींना आतल्या खोलीत दार लावून बसवा. ओल्या फडक्याने पुसून परवा सकाळी प्रायमर मारून खिडक्या उघड्या टाका. वॉटरबेस घ्या, ऑइलचा नको. रंग महिन्याने. प्रायमर मारलेली भिंत महिनाभर थांबते, काही होत नाही, फक्त रंगाआधी हलका कागद फिरवून पुसायची. तेवढं काम असेल त्या दिवशी आजी शेजारच्यांकडे.

आणि गडद रंगाच्या झाकणावरचं स्टिकर फोटो काढून ठेवा. टचअपला नवीन डबा आणलात तर भिंतीच्या मधोमध लावू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत करा. दोन डब्यांतला फरक आजींना आता दिसणार.